वरातीमागून घोडी : एका खरेदी खात्यास अनावृत पत्र

प्रति,
मा. खेळाडू-खरेदी खातेप्रमुख,
मँचेस्टर युनायटेड फुटबॉल क्लब,
ओल्ड ट्रॅफर्ड, मँचेस्टर.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, पुढची ट्रान्सफर विंडो उघडायच्या आत हे तुमच्या टेबलावर पडावं. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पाठवलं असतं तर वाचायला तुम्हाला सवड नसती. त्या आठवड्यात तुमच्याकडे लगीनघाई असते, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे.

पत्रावर कुणाचं नाव घातलेलं नाही, याचा राग मानू नये. २०१३ मध्ये डेव्हिड गिल गेले आणि एड वुडवर्ड आले. पुढे जॉन मर्टो आले, तेही गेले. मग डॅन अ‍ॅशवर्थ आले. त्यांना न्यूकॅसलकडून सोडवून आणण्यात काही महिने गेले आणि रुजू झाल्यावर पाच महिन्यांतच त्यांना नारळ मिळाला. आता जेसन विल्कॉक्स आहेत. माणसं बदलली, मालकीत सर जिम रॅटक्लिफ वाटेकरी झाले, पण शेवटच्या दिवसाची धावपळ काही गेली नाही. म्हणून पत्र माणसाला न लिहिता खुर्चीला लिहितो आहे.

आम्ही इकडचे लोक तुमच्या धावपळीचे जुने साक्षीदार आहोत. इंग्लंडमध्ये रात्री अकरा वाजता विंडो बंद व्हायची तेव्हा आमच्याकडे पहाटेचे साडेतीन वाजलेले असायचे. पुण्यात, कोल्हापुरात, पणजीत पोरं मोबाइल उशाशी घेऊन जागी असायची आणि पत्रकार फॅब्रिझिओ रोमानो ‘हिअर वी गो’ कधी लिहितात याची वाट बघायची. २०२५ मध्ये तुमच्या लीगने वेळ संध्याकाळी सातची केली, म्हणजे आमच्या रात्री साडेअकराची. झोप मिळाली, त्याबद्दल लीगचे आभार. तुमचे आभार मानण्यासारखं त्यात काही नव्हतं, कारण त्या रात्रीही तुम्ही गोलरक्षकच आणत होता. त्यावर पुढे येतोच.

आधी एक जुनी आठवण करून देतो. २८ ऑगस्ट २०११, रविवार, तुमचंच मैदान. समोर आर्सेनल. त्यांचा सेस्क फाब्रेगास १५ ऑगस्टला बार्सिलोनाला गेलेला, समीर नासरी २४ तारखेला मँचेस्टर सिटीला गेलेला, आणि दोघांच्या जागी कोण, याचं उत्तर अजून आर्सेन वेंगर यांच्याकडे नव्हतं. तुमच्याकडे त्या दिवशी तीन नवी माणसं मैदानात होती. बचावात फिल जोन्स, डाव्या बाजूला अ‍ॅशली यंग, गोलमध्ये दाविद द हेआ. तिघांचेही करार जूनमध्ये झालेले. जोन्सचा १३ जूनला, यंगचा २३ला, द हेआचा २९ला. जुलैचा दौरा, सराव, फर्ग्युसनसाहेबांचा ओरडा, सगळं खाऊन-पचवून तिघे तयार होते. यंगने दोन गोल केले, आणि दोन्ही कसे, तर पेनल्टी क्षेत्राच्या कडेवरून आत वळवलेले. तुम्ही १-० असे पुढे असताना द हेआने रॉबिन व्हान पर्सीची पेनल्टी अडवली. ती गेली असती तर सामना बरोबरीत आला असता. ती अडली आणि निकाल लागला ८-२.

आर्सेनलने मग काय केलं? पुढच्या तीन दिवसांत पाच खेळाडू आणले. पार्क चू-यंग, आंद्रे सांतोस, पेर मेर्टेसाकर, योसी बेनायून आणि मिकेल आर्तेता. आठ गोल खाल्ल्यावर बाजाराची पिशवी सापडली. (तरी ते त्या मोसमात तिसरे आले, आणि तुमचं विजेतेपद गोलफरकावर सिटीने नेलं, हा भाग वेगळा.) त्या आठवड्यात सगळं इंग्लंड आर्सेनलला हसलं. सगळ्यात मोठ्याने तुम्ही हसलात. दोन वर्षांत तुम्ही त्यांचा कित्ता इतक्या निष्ठेने गिरवायला घ्याल, असं मात्र तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं.

२०१३ चा उन्हाळा. फर्ग्युसनसाहेब निवृत्त झाले आणि ९ मे रोजी डेव्हिड मॉइस यांची प्रशिक्षक म्हणून नेमणूक जाहीर झाली. मॉइस कुठून आले? एव्हर्टनहून. त्यांना कोण हवा होता? एव्हर्टनचा मारुआन फेलायनी, ज्याला त्यांनीच २००८ मध्ये तिकडे नेलं होतं. म्हणजे शोधाशोध नाही, व्हिडिओ बघायचे नाहीत, हेर पाठवायचे नाहीत. माणूस ओळखीचा, गुण-दोष पाठ. त्यातही तेव्हाच्या बातम्यांनुसार त्याच्या करारात सोय होती की ३१ जुलैपर्यंत जो २ कोटी ३५ लाख पौंड मोजेल त्याने त्याला न्यावं, एव्हर्टनला नाही म्हणता येणार नाही. इतकं वाढलेलं ताट समोर कुणी ठेवत नाही.

तुम्ही काय केलंत? जुलैत ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावरून वुडवर्ड खरेदीच्या ‘तातडीच्या कामासाठी’ लंडनला परतले. आम्हाला वाटलं, आता धमाका होणार. फाब्रेगाससाठी दोन बोली लावल्या, दोन्ही परत आल्या. थिआगोही हवा होता, तो बायर्नला गेला. ३१ जुलै आला आणि गेला. ऑगस्टच्या मध्यावर तुम्ही फेलायनी आणि लेटन बेन्स या दोघांसाठी मिळून २ कोटी ८० लाखांची बोली पाठवलीत. एव्हर्टनने तिला अपमानास्पद म्हणून जाहीर केलं. तोपर्यंत लीग सुरू झालेली होती, आणि १ सप्टेंबरला लिव्हरपूलने तुम्हाला हरवलंही. शेवटी २ सप्टेंबरला, विंडो बंद होण्याच्या दिवशी, फेलायनी आला. २ कोटी ७५ लाख पौंडांना. एका महिन्याच्या विचारमंथनाची फी ४० लाख पौंड.

गंमत अशी की २००८ मध्ये फेलायनी एव्हर्टनला आला तोही शेवटच्याच दिवशी, १ सप्टेंबरला. निदान त्याला तरी या प्रकाराची सवय होती.

त्याच दिवशी आंदेर एरेराचं प्रकरणही गाजलं. स्पॅनिश लीगच्या कार्यालयात काही वकील कागद घेऊन पोचले, ते तुमच्या वतीने आले आहेत असं सांगितलं गेलं, मग तुमच्याकडून हात झटकले गेले आणि एरेरा बिल्बाओतच राहिला. तो तुमच्याकडे आला पुढच्या वर्षी, जूनमध्ये, गाजावाजा न करता. जूनमध्ये काम होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे, ही त्यातली चांगली बातमी. २०१३-१४ चा मोसम मात्र तुम्ही सातव्या स्थानावर संपवलात, आणि मॉइस त्याआधीच, एप्रिलमध्ये घरी गेले होते.

२०१५ मध्ये उलट्या दिशेनेही तेच जमवून दाखवलंत. द हेआला रेआल माद्रिदला विकायचं होतं. ऑगस्टच्या ३१ तारखेच्या रात्री कागद इकडून तिकडे फिरत राहिले आणि स्पेनमध्ये मध्यरात्रीचा ठोका पडून गेल्यावर पोचले. चूक कुणाची यावर दोन्ही क्लबांनी सविस्तर निवेदनं काढली. लोकांनी खापर फॅक्स यंत्रावर फोडलं, कारण ते निवेदन काढू शकत नव्हतं. त्या घोळात तुमचा गोलरक्षक तुमच्याकडेच राहिला, म्हणजे घोळातही तुमचं नशीब बरं. लेस्टर सिटीचं इतकं बरं नव्हतं. २०१७ मध्ये आद्रिएन सिल्वाची कागदपत्रं १४ सेकंद उशिरा गेली, आणि फिफाने ऐकून न घेतल्यामुळे बिचारा जानेवारीपर्यंत एकही सामना खेळू शकला नाही.

पण माझं सगळ्यात आवडतं वर्ष २०२०. महामारीमुळे सगळं वेळापत्रक पुढे गेलेलं, विंडो ५ ऑक्टोबरला बंद होणार होती. तुम्हाला जेडन सँचो हवा होता. डॉर्टमुंडने जर्मन पद्धतीप्रमाणे तारीख सांगितली : १० ऑगस्ट. आमचा संघ सरावाला निघण्याआधी व्यवहार पुरा करा, नाहीतर विषय संपला. तारीख गुप्त नव्हती, वृत्तपत्रांत छापून येत होती. तुम्हाला वाटलं, हे बोलायचं असतं, ऑगस्टच्या शेवटी किंमत पाडतील. १० तारखेला डॉर्टमुंडने जाहीर केलं, जेडन इथेच खेळणार. तुम्ही तरी सप्टेंबरभर ताकाला जाऊन भांडं लपवत राहिलात.

४ ऑक्टोबरला टॉटनहॅमने तुम्हाला तुमच्याच मैदानावर ६-१ असं धुतलं. दुसऱ्या दिवशी, शेवटच्या दिवशी, एदिन्सॉन कावानी, आलेक्स तेलेस आणि फाकुंदो पेलिस्त्री आले, आणि आमाद दिआलो जानेवारीत येणार असं ठरलं. यात कावानीचं उदाहरण नीट बघा. तो ३३ वर्षांचा, पॅरिस सें जर्मेंचा त्या वेळचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू. त्याचा करार ३० जूनला संपला होता. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, तिन्ही महिने तो मोकळा. कोणत्या क्लबला एक पौंड द्यायचा नव्हता, कुणाची परवानगी नको होती, बोली नको, घासाघीस नको. फक्त त्याच्याशी बोलून सही घ्यायची होती. तुम्ही त्याला घ्यायला विंडोच्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबलात. मग विलगीकरण आलं, तब्येत, सराव आला, आणि तो पहिल्यांदा मैदानात उतरला तो २४ ऑक्टोबरला चेल्सीविरुद्ध, बदली म्हणून. त्याने त्या मोसमात १७ गोल केले. माणूस चांगला होता, याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच की तो जुलैतही तितकाच चांगला होता.

आता २०२२. एरिक टेन हाग यांची नेमणूक एप्रिलमध्येच जाहीर झाली. ते आयाक्सहून येत होते आणि आंतोनी आयाक्सचाच. म्हणजे पुन्हा तेच, ओळखीचा खेळाडू आणि हातात चार महिने. पण तो उन्हाळा तुम्ही फ्रेंकी द याँगच्या मागे घालवलात, ज्याला बार्सिलोना सोडायचंच नव्हतं. ब्रायटनने तुम्हाला हरवलं. मग ब्रेंटफर्डने चार गोल घातले, चारही पहिल्या पस्तीस मिनिटांत. मग घाईने कासेमिरो, आणि मग आंतोनी. किंमत साडेनऊ कोटी युरो आणि वर बोनस. आयाक्सने एवढी मागितली कारण त्यांना दिसत होतं की लीग सुरू झाली आहे, तुम्ही दोन सामने हरला आहात आणि तुमच्याकडे दुसरं नाव नाही. गणपतीच्या आदल्या संध्याकाळी दादरच्या फुलबाजारात उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला कुणी भाव कमी करून देत नाही. व्यवहार पुरा झाला १ सप्टेंबर २०२२ला. आणि २०२५ मध्ये रेआल बेतिसने आंतोनीला तुमच्याकडून घेतलं, दिलेल्या पैशाच्या चौथाईच्या आसपास, तेही बरोबर १ सप्टेंबरला. घेतला शेवटच्या दिवशी, विकला शेवटच्या दिवशी. याला म्हणतात सातत्य.

तुमच्या बाजूने बोलायला हवं, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. लवकर घेतलेला खेळाडू चांगलाच निघतो, असं नाही. ज्या सँचोसाठी एवढं रामायण झालं, तो २०२१ मध्ये जुलैतच आला, सराव-सामन्यांना वेळ होता, आणि तरी त्याचं काही जमलं नाही. उलट वेन रूनी ३१ ऑगस्ट २००४ला आला, अठरा वर्षांचा, आणि फेनेरबाचेविरुद्ध पहिल्याच सामन्यात हॅटट्रिक करून बसला. टॉटनहॅमने २०१८च्या उन्हाळ्यात एकही खेळाडू घेतला नाही आणि चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत गेले. लिव्हरपूलने २०२५ मध्ये जूनपासून पैसा ओतला, तरी आलेक्झांडर इसाक त्यांनाही शेवटच्याच दिवशी मिळाला, साडेबारा कोटी पौंडांना. त्याच दिवशी मार्क गेहीचा व्यवहार हातातून निसटला, कारण क्रिस्टल पॅलेसला त्याच्या जागी माणूस मिळाला नाही. साखळी असते. एकाने विकल्याशिवाय दुसरा विकत नाही. हे सगळं मान्य.

पण रूनीला घेताना फर्ग्युसनसाहेबांना तो कोण आहे, कशासाठी हवा आहे, हे माहीत होतं. न्यूकॅसलने बोली लावल्यामुळे गडबड करावी लागली एवढंच. तुमचा घोळ वेगळा आहे. तुम्हाला शेवटच्या दिवशी खेळाडू मिळतो एवढंच नाही, तर तुम्ही ठरवताच शेवटच्या दिवशी. कोण हवा हे मे महिन्यात ठरलं की पुढचं बरंचसं काम कागदांचं उरतं. लिव्हरपूल २०१८ मध्ये २६ मेच्या रात्री कीव्हमध्ये अंतिम सामना हरलं, आणि २८ मेला फाबिन्योचा करार जाहीर केला. दोन दिवसांत. रडणं नंतर. नाबी केइटाचा व्यवहार त्यांनी वर्षभर आधी करून ठेवला होता. पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीगचा करंडक त्यांच्याकडे होता. तुमच्या शेजाऱ्यांनी, ज्यांचा रंग निळा आहे आणि नाव घेतलेलं तुम्हाला आवडत नाही, त्यांनी हालांडचा व्यवहार १० मे २०२२ला जाहीर केला, तेव्हा मोसमही संपला नव्हता. त्याने पहिल्या वर्षी लीगमध्ये ३६ गोल केले. हालांडचे वडील सिटीकडून खेळले होते हे खरं, पण त्याच्या करारातली सुटकेची रक्कम सगळ्यांसाठी एकच होती.

आणखी एक गोष्ट विचारायची राहिली. २०१७ मध्ये तुमच्या लीगने ठरवलं की विंडो मोसम सुरू होण्याआधीच बंद करायची. २०१८ आणि २०१९ ही दोन वर्षं तसंच झालं. त्या मतदानात विरोध करणाऱ्या पाच क्लबांत तुमचं नाव होतं, असं वृत्तपत्रांनी छापलं होतं. विद्यार्थ्यांची परीक्षा लवकर घ्यायला कोणता विद्यार्थी विरोध करतो, हे सांगायला नको. २०१८ मध्ये तुमचे प्रशिक्षक मोरिन्यो मध्यवर्ती बचावपटू मागत राहिले, ९ ऑगस्टला दार बंद झालं, बचावपटू आलाच नाही. तो आला पुढच्या वर्षी, हॅरी मॅग्वायर, आठ कोटी पौंडांना. तोवर मोरिन्यो गेले होते. युरोपातल्या इतर लीग्ज उशिरापर्यंत उघड्या राहतात म्हणून मग ती सोयही रद्द झाली.

आणि आता गोलरक्षक. २०२५ मध्ये तुम्ही माथेउस कुन्याला लवकर आणलंत, ब्रायन एम्बेउमोलाही जुलैत आणलंत. त्याबद्दल शाबासकी, मनापासून. पण गोलमध्ये माणूस हवा, हे सगळ्या मँचेस्टरला दिसत होतं. १७ ऑगस्टला आर्सेनलविरुद्ध पहिलाच सामना, कॉर्नर आला, तुमचा गोलरक्षक बायंदिर याच्या हातून चेंडू निसटला, कालाफिओरीने डोकं लावलं, तुम्ही १-० हरलात. २७ ऑगस्टला लीग कपमध्ये चौथ्या श्रेणीतल्या ग्रिम्स्बीकडून पेनल्टी शूटआउटवर १२-११ असे बाहेर पडलात, त्या रात्री गोलमध्ये ओनाना होता. आणि मग १ सप्टेंबरला अँटवर्पहून सेन्ने लामेन्स आला. आल्यावर त्याने चांगलं काम केलं, ही बाब तुमच्या वकिलाने जरूर मांडावी. मी फक्त एवढंच विचारतो की अँटवर्प ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातही बेल्जियममध्येच होतं ना?

कोल्हापुरातल्या पेठांच्या फुटबॉल संघांमध्ये भांडणं तुमच्याहून जास्त होतात, पैसा तुमच्या चहापाण्यालाही पुरणार नाही इतकाच असतो, पण कोण कुणाकडून खेळणार याची नोंदणी हंगामाआधी उरकलेली असते. शाहू स्टेडियमवर पहिली शिट्टी वाजते तेव्हा पाटाकडील तालमीच्या माणसाला आपला गोलरक्षक कोण, हे माहीत असतं.

तेव्हा विनंती अशी. मे महिना संपायच्या आत एका खोलीत बसा, प्रशिक्षकाला बोलवा, कुठल्या जागेसाठी कोण हवा याची तीन-तीन नावं लिहा, आणि समोरच्या क्लबने तारीख सांगितली की ती खरी माना. पहिलं नाव मिळालं नाही तर जुलैतच दुसऱ्याकडे वळा, सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला नको. आणि ज्याचा करार ३० जूनला संपतो आहे त्याच्याशी १ जुलैला सकाळी बोला, कारण त्याला विकत घ्यावं लागत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ओल्ड ट्रॅफर्डवर कधीही पाय न ठेवलेला एक चाहता